इन्स्ट्रक्टरवरून नजर सुटते तेव्हा

मालवणला स्कूबा करून आलेल्या कुणाच्याही मोबाइलमध्ये साधारण एकच फोटो असतो. हिरवट पाणी, पावाच्या तुकड्याभोवती जमलेले पट्टेरी मासे, मध्ये कुठेतरी एक मास्क आणि वर केलेला अंगठा. वेटसूट सगळ्यांचे सारखेच, त्यामुळे मास्कच्या आत कोण आहे हे घरच्यांनाही सांगावं लागतं.

मासे उद्याही तिथेच असतील. पण पाण्याखाली आयुष्यात पहिल्यांदा श्वास घेणारा माणूस त्या अवस्थेत जेमतेम तीन-चार मिनिटं असतो. मग तो सरावतो आणि पोझ द्यायला लागतो. या पोस्टमध्ये फक्त त्या तीन-चार मिनिटांबद्दल लिहितोय, म्हणजे पहिल्यांदाच खाली जाणाऱ्या माणसाचा चेहरा कसा टिपायचा, त्याबद्दल. प्रवाळ, कासवं, बुडालेली जहाजं यांच्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे.

एक अट आधीच. कॅमेरा धरणारा आणि इन्स्ट्रक्टर ही दोन वेगळी माणसं हवीत. नवख्याला खाली नेताना इन्स्ट्रक्टरचे दोन्ही हात त्याच्यासाठी लागतात, एक सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर आणि दुसरा मोकळा. त्यातल्या एका हातात सेल्फी स्टिक आली की सुरक्षितता अर्धी झाली. कॅमेरेवाल्यानं स्वतः प्रमाणपत्रधारक डायव्हर असावं, एका जागी न हलता तरंगता यावं आणि फिन (पायातली वल्ही) मारत मागे सरकता यावं. हे जमत नसेल तर आधी ते शिका, कॅमेरा नंतर घ्या. वाळूवर एक फिन आपटली तरी पुढची दोन मिनिटं फोटोत फक्त धूळ येते.

आता नजरेबद्दल, कारण सगळा खेळ तिचाच आहे. नवखा माणूस दोरीला धरून मीटरभर खाली जातो तेव्हा त्याचे डोळे समोरच्या इन्स्ट्रक्टरच्या डोळ्यांत खिळलेले असतात. नाक दाबून कान मोकळे करणं, तोंडात हवा देणारा रेग्युलेटर चावून धरणं, मोठे मोठे श्वास घेणं हे सगळं तो त्या एका चेहऱ्याकडे बघत करतो. मग बुडबुड्यांमध्ये अंतर पडायला लागतं. बहुतेकांची नजर आधी स्वतःच्या हातांवर येते, मग दोरीवर, मग पायांखाली आणि शेवटी लांब, जिथे पाणी दाट होत जातं आणि काहीच दिसत नाही तिकडे. याच सुमाराला इन्स्ट्रक्टर समोरून मागे जातो आणि सिलिंडर धरतो. डोळ्यांना धरायला काही उरत नाही. हवा असलेला फोटो इथेच असतो, आणि तो फार तर दहा-पंधरा सेकंद टिकतो.

नेमका इथेच कॅमेरेवाला चुकतो. तो बरोबर समोर उभा असतो. इन्स्ट्रक्टर गेल्यावर नवख्याला दुसरा चेहरा मिळतो आणि तो लेन्सकडे बघून अंगठा वर करतो. म्हणून समोर थांबू नका, चेहऱ्याच्या सरळ रेषेपासून सुमारे ३० अंश बाजूला राहा. फार बाजूलाही जाऊ नका, त्याला भौतिकशास्त्रातलं कारण आहे. मास्कच्या आत हवा, बाहेर पाणी आणि मध्ये सपाट काच. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३३ असल्यामुळे आतल्या हवेतून निघालेला प्रकाश पाण्यात काचेच्या लंबरेषेपासून जास्तीत जास्त ४८.६ अंशांपर्यंतच जाऊ शकतो. त्यापलीकडून बघितलं तर काचेतून आतलं काहीच दिसत नाही, ती आरशासारखी चकाकते. प्रोफाइल म्हणून काढलेल्या कितीतरी फोटोंत डोळ्यांच्या जागी चांदीचा पत्रा दिसतो तो यामुळे. ४०च्या पुढे गेलात की डोळे काचेच्या कडेला चेपल्यासारखे दिसायला लागतात. ३० अंशांवर डोळे पूर्ण दिसतात आणि तुम्ही त्याच्या वाटेतही येत नाही.

मास्कची निवडही बोटीवरच करा. काळ्या सिलिकॉनच्या झालरीचा, म्हणजे चेहऱ्याला चिकटणाऱ्या कडेचा, मास्क डायव्हरला आवडतो, कारण बाजूचा उजेड आत येत नाही. फोटोसाठी तोच वाईट, डोळे खोबणीत गेल्यासारखे काळे पडतात. पारदर्शक झालरीचा मास्क असेल तर गालांवर आणि डोळ्यांखाली उजेड पोचतो. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो. साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं तो दोन-तीनदा घासून काढल्याशिवाय थुंकी लावा नाहीतर बेबी शाम्पू लावा, धुकं धरणारच. कपाळावरच्या केसांची एक बट झालरीखाली अडकली तरी पाणी झिरपतं. मिश्यांमधूनही झिरपतं. अशा वेळी कुणीतरी व्हॅसलीन पुढे करतं, पण त्यानं सिलिकॉन खराब होतं. त्यापेक्षा सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर थोडं पाणी झिरपणार हे आधीच सांगून ठेवा.

आणि हसायला सांगू नका. तोंडात रेग्युलेटर असताना हसू दिसत नाहीच. गाल वर गेले की नाकाच्या दोन्ही बाजूंना घड्या पडतात, तिथून झालर उचलली जाते आणि मास्कमध्ये पाणी शिरतं. पहिल्याच खेपेला नाकाशी खारं पाणी आलं की माणूस बिथरतो. पाण्याखालचं हसू फक्त डोळ्यांत दिसतं, आणि ते आपोआप आलं तरच.

अंगठ्याचंही तसंच. डायव्हिंगच्या खुणांमध्ये अंगठा वर म्हणजे 'मला वर जायचंय'. फोटोसाठी हौसेनं अंगठा दाखवणाऱ्याला इन्स्ट्रक्टर सरळ वर घेऊन जातो आणि त्यात त्याची काही चूक नाही. म्हणून बोटीवर पाच मिनिटं द्या. सगळं ठीक असेल तर तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ, काही बिघडलं तर आडवा पंजा हलवायचा, वर जायचं तर अंगठा. एवढ्या तीन खुणा पुरतात. चौथी गोष्ट तुमच्याकडून: "मी पोझ मागणार नाही, माझ्याकडे बघू नका." या वाक्यानं माणसाच्या खांद्यावरचा निम्मा ताण उतरतो. फोटो हवाय का, हेही तेव्हाच विचारा. काहींना नको असतो.

बुडबुडे चेहऱ्यासमोरून वर जातात. त्यांच्यासाठी "श्वास रोखा" असं चुकूनही सांगू नका, खुणेनंही नाही. दाबाखालची हवा भरून घेतलेली छाती श्वास रोखून मीटर-दीड मीटर वर आली तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते, आणि नवख्याला आपण वर सरकतोय हे कळतही नाही. तुम्हीच त्याच्या श्वासाला जुळवून घ्या. श्वास सोडताना चेहरा झाकला जातो, घेताना मोकळा होतो. दोन-तीन श्वास नुसते बघा, लय कळते. बुडबुड्यांचा शेवटचा झुबका कपाळावरून वर सरकला की शटर. आत जाणाऱ्या श्वासाबरोबर भुवयाही थोड्या वर जातात, ते फोटोत छान येतं.

आता रंग. पाणी लाल रंग आधी खातं, मग नारिंगी, मग पिवळा. पाच मीटरवर लाल जवळजवळ संपलेला असतो. माणसाच्या त्वचेचा रंग म्हणजे मुख्यतः लाल आणि पिवळ्याचंच मिश्रण, त्यामुळे प्रवाळाआधी माणूस राखाडी पडतो. आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यांवर हे जास्त जाणवतं. मागे पृष्ठभागाचा झगमगाट असला की कॅमेरा त्यावरून उजेड मोजतो (मीटर करतो) आणि चेहरा थेट काळा होतो. मीटरिंग चेहऱ्यावर ठेवा आणि मागचं पाणी थोडं उडालं, म्हणजे पांढरं पडलं, तर पडू द्या. नंतर ॲपमध्ये 'लाल वाढवा' केलं की सावळा चेहरा जांभळट होतो. जो लाल फाइलमध्ये आलाच नाही, तो ॲप आणणार कुठून?

हिशेब सोपा आहे. पाच मीटर खोलीवरचा माणूस तुमच्यापासून एक मीटरवर असेल तर सूर्यप्रकाश सहा मीटर पाणी ओलांडून लेन्सपर्यंत येतो. तेच तुमचा फ्लॅश ६० सेंटिमीटरवरून मारला तर प्रकाशाला जाऊन-येऊन फक्त १.२ मीटर पाणी लागतं. रंग परत येतात ते या फरकामुळे. म्हणून पाण्याखालचा पहिला नियम म्हणजे जवळ जाणं, आणि त्यासाठी वाइड किंवा फिशआय लेन्स. ६० ते ८० सेंटिमीटर, हात लांब केला तर समोरच्याच्या खांद्याला लागेल इतकं अंतर. चेहरा फ्रेमच्या मध्याजवळ ठेवा, कडेला गेला तर ताणला जातो.

हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची जलरोधक पेटी, सपाट काचेची असेल तर वाइड लेन्स वाइड राहत नाही. जमिनीवर ९० अंश दाखवणारी लेन्स पाण्यात जेमतेम ६४ अंश दाखवते, शिवाय वस्तू पाऊण अंतरावर आल्यासारखी आणि एक तृतीयांशानं मोठी दिसते. घुमटाकार काच, म्हणजे डोम, हा कोन परत देते. मात्र डोममागच्या लेन्सला खरं दृश्य दिसत नाही, डोमसमोर अगदी जवळ तयार झालेली आभासी प्रतिमा दिसते. म्हणून लेन्स जवळचं फोकस करणारी हवी, आणि ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ/८ पेक्षा जास्त उघडलं तर कडा मऊ होतात. फ्लॅशसह सुरुवातीला शटर १/१२५ सेकंद, एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० ते ४०० ठेवा. पार्श्वभूमी काळी पडली तर शटरचा वेग कमी करा, चेहरा उडाला तर फ्लॅशची ताकद कमी करा. बाकी काही हलवू नका.

मालवणच्या पाण्यात खरा शत्रू म्हणजे कण. पाच-सहा मीटर दिसलं तर दिवस चांगला म्हणायचा. फ्लॅश लेन्सच्या शेजारी असला की तुमच्या आणि चेहऱ्याच्या मधला प्रत्येक कण उजळतो आणि फोटोवर हिमवर्षाव होतो. दोन फ्लॅश दोन बाजूंना लेन्सपासून ४० ते ५० सेंटिमीटर लांब न्या, डोमच्या मागच्या पातळीत ठेवा आणि तोंडं सरळ नव्हे तर किंचित बाहेर वळवा. चेहऱ्यावर प्रकाशाची फक्त कड पडली पाहिजे. मधलं पाणी अंधारात राहिलं की कणही अंधारात राहतात. प्रकाश पसरवणारा डिफ्यूझर लावा आणि ताकद एक चतुर्थांशापासून सुरू करा. बोटीवरच एकदा फ्लॅश मारून दाखवा. खाली अचानक वीज चमकली की घाबरायला तेवढं पुरतं. काचेवर फ्लॅशचा ठिपका येत असेल तर नवख्याला हलवू नका, फ्लॅशच एक वीत वर घ्या.

गोप्रोला असा फ्लॅश जोडता येत नाही, त्यामुळे तिथे व्हिडिओ लाइट. तो सरळ डोळ्यांत मारलात तर माणूस डोळे बारीक करतो आणि बाहुल्या आकसतात, म्हणजे ज्यासाठी आलात तेच गेलं. लाइट बाजूनं आणि मंद ठेवा. ४के, ६० फ्रेमवर चित्रण करून नंतर एक फ्रेम उचलणं हा नवख्यांसाठी बरा मार्ग. ती फ्रेम सुमारे ८ मेगापिक्सेलची असते आणि छपाईला पुरते. शटर १/२४०वर बांधा, नाहीतर उचललेली फ्रेम हललेली निघते. आयएसओची कमाल मर्यादा ८०० ठेवा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, दर श्वासाला रंग बदलतो. हिरव्या पाण्यासाठी लाल नव्हे तर मॅजेंटा फिल्टर. लाल फिल्टर निळ्या समुद्रासाठी असतो, आपल्या किनाऱ्यावर तो चेहऱ्यांना विटकरी करतो. फिल्टर आणि लाइट एकत्र वापरू नका.

लुई बूतां या फ्रेंच जीवशास्त्रज्ञानं १८९३मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या बान्यूल-सुर-मेरच्या समुद्रात पाण्याखाली फोटो काढायला सुरुवात केली. तेव्हा एका फोटोला अर्ध्या तासापर्यंत एक्स्पोजर लागायचं. अर्ध्या तासात खडक येतो, गवत येतं, माणसाची चलबिचल येत नाही. पुढे उजेडाचे वेगवेगळे प्रयोग करत त्यानं १८९९मध्ये एमिल राकोवित्सा या रोमानियन जीवशास्त्रज्ञाचा पाण्याखाली फोटो काढला. हाच राकोवित्सा बेल्जिका या जहाजाच्या मोहिमेत अंटार्क्टिकाच्या बर्फात हिवाळाभर अडकला होता. पाण्याखालच्या पहिल्या काही व्यक्तिचित्रांपैकी एक अशा माणसाचं असावं, याची गंमत वाटते.

वेळेचं गणित मात्र अगदी स्थानिक आहे. पावसाळ्यात डायव्हिंग बंदच असतं. ऑक्टोबरमध्ये पाणी अजून बसत असतं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ असते आणि तळ ढवळला जातो. अष्टमीच्या आसपास भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी निवळतं. तारीख निवडायची मुभा असेल तर कॅलेंडरवर शनिवार-रविवारआधी तिथी बघा. दिवसाच्या आत भरतीचे शेवटचे दोन तास चांगले. ओहोटी लागली की कोळंब आणि कर्लीच्या खाड्यांचं गढूळ पाणी बाहेर पडायला लागतं. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असेपर्यंत पृष्ठभाग शांत असतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की चाळवतो. सूर्यही वर आलेला हवा, तिरका असला तर बराच प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो. वारा आणि सूर्य जुळवले तर साडेनऊ ते साडेअकरा ही वेळ हाती लागते, भरती मात्र दर वेळी त्यात बसेलच असं नाही. सूर्य तुमच्या पाठीशी, म्हणजे नवख्याच्या तोंडावर.

एक फोटो मात्र उलट दिशेनं काढण्यासारखा आहे. नवखा चार मीटरवर असताना तुम्ही त्याच्या खाली सरका आणि लेन्स वर करा. वरचं सगळं जग एका गोल खिडकीत जमा झालेलं दिसतं, बोट, आकाश, नशीब असेल तर सिंधुदुर्गाच्या तटाचा तुकडाही. ही खिडकी म्हणजे तोच ४८.६ अंश, दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे ९७. लेन्स पाच मीटरवर असेल तर तिचा व्यास सुमारे अकरा मीटर भरतो. त्या गोलात माणूस छोटा ठेवा. इथे फ्लॅश बंद, शटर १/२५०. तळाशी प्रवाळ असेल तर तिथे टेकायचं नाही आणि कुणाला टेकू द्यायचंही नाही. मालवणचं २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य १९८७पासून कागदावर आहे. माशांना पाव आणि बिस्किटं घालणं ही तर फोटोच्या दृष्टीनंही खोट आहे. मासे आले की माणूस माशांकडे बघतो, लांबच्या त्या न दिसणाऱ्या पाण्याकडे बघणं संपतं.

इन्स्ट्रक्टरचा हात फ्रेममध्ये येतो म्हणून काही जण तो खोडून टाकतात. ठेवा तो. खांद्यामागून आलेली ती चार बोटं नसती तर त्या माणसानं नजर सोडलीच नसती.

घाबरगुंडी आणि कुतूहल यांतला फरक ओळखता आला पाहिजे. डोळे दोन्हीत मोठे होतात. पण बुडबुडे सलग यायला लागले, हात मास्ककडे किंवा रेग्युलेटरकडे जायला लागले, आडवा माणूस उभा होऊन पाय झाडायला लागला की कॅमेरा सोडून द्या, तो मनगटाच्या दोरीवर लोंबकळेल. दोन मीटर मागे सरका आणि इन्स्ट्रक्टरला जागा द्या. तो क्षण कितीही जिवंत वाटला तरी काढायचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हाउसिंगबद्दल थोडं, कारण फोटो बुडतात ते बहुधा किनाऱ्यावरच. कोकणातल्या दमट हवेत बोटीवर हाउसिंग बंद केलं की ती दमट हवा आत कोंडते, गार पाण्यात गेल्यावर काचेवर आतून धुकं धरतं. एसी असलेल्या कोरड्या खोलीत बंद करा, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि बोटीवर ओल्या टॉवेलखाली ठेवा. हाउसिंगची फट बंद करणाऱ्या ओ-रिंगवर ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं. जास्त लावलं तर ते वाळू धरून ठेवतं. ग्रीस हाउसिंगच्या कंपनीनं सांगितलेलंच घ्या, कारण सिलिकॉनची ओ-रिंग चुकीच्या ग्रीसनं फुगते. एक केस पुरतो पाणी शिरायला. गळती बरेचदा खोलवर नाही, पहिल्या मीटरभरातच होते, कारण वरच्या थरात ओ-रिंग घट्ट दाबायला पुरेसा दाब नसतो. म्हणून आधी रिकामं हाउसिंग बादलीत दोन मिनिटं बुडवून ठेवा. खाली आत थेंब दिसला तर काच खाली करून सावकाश वर या. पाणी काचेत जमा होतं आणि कॅमेरा वाचण्याची शक्यता राहते. वर आल्यावर कॅमेरा बंद, बॅटरी बाहेर.

वर आल्यावर आणखी एक फोटो राहिलेला असतो. मास्क निघतो, कपाळावर आणि नाकाभोवती लाल वळ, नाक वाहत असतं, आणि माणूस अजून काही बोललेला नसतो. डोमवरचे थेंब जातील म्हणून डोम एकदा बुडवून लगेच वर काढा आणि थेंब जमायच्या आत शटर दाबा. मग त्याला नाक पुसायला कापड द्या. हाउसिंग गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास, आणि पाण्यातच सगळी बटणं दाबून काढा, नाहीतर स्प्रिंगमध्ये मीठ धरतं. उघडायच्या आधी आपले केस टॉवेलनं कोरडे करा. दिवसभर सांभाळलेल्या कॅमेऱ्यात खारं पाणी पुष्कळदा वाकून बघणाऱ्याच्या डोक्यावरूनच पडतं.